दरडीतला देव

आश्विन वद्य पंचमी, शके १८६१

जगदेव भाऊजींना,

वर काय लिहावं यातच माझी अर्धी दुपार गेली. तुम्ही माझे धाकटे दीर, म्हणून आशीर्वाद लिहायला घेतला. मग वाटलं, तुम्ही आता पिवळ्या वस्त्रातले, तुम्हाला आशीर्वाद देणारी मी कोण? शेवटी आठवलं की मी या घरात सून होऊन आले तेव्हा पाटीवर माझ्याकडून अक्षरं गिरवून घेतली ती तुम्हीच. म्हणून गुरू समजून नमस्कार करते. अक्षर मोडकं वाटलं तर हसू नका, तुम्हीच शिकवलेलं आहे. लिहिते पुस्तकातल्यासारखं, पण माणसांचं बोलणं मात्र ऐकलं तसंच उतरवते. ते मला बदलता येत नाही.

सारनाथचा पत्ता तुमच्या दादांनी दिला. तुमची कार्डं ते कोटाच्या खिशातच ठेवतात, घरात आणत नाहीत. हे पत्रही तेच केनवडच्या बाजाराच्या दिवशी टाकणार आहेत. तुमच्या बाबांना, मामाजींना, यातलं काही माहीत नाही. त्यांची तब्येत चांगली आहे, वावरात रोज जातात. तुमचं नाव घेत नाहीत. तुम्ही भिक्षूचं चीवर घेतल्याचं कळलं त्या दिवशी ते नदीवर गेले आणि माणूस गेल्यावर करतात तशी तुमच्या नावाची आंघोळ करून आले. हे तुम्हाला दादांनी कळवलं की नाही कोण जाणे. कळवलं नसेल तर मी लिहायला नको होतं. पण शाईनं लिहिलं गेलं, आता असू द्या.

पत्राचं कारण वेगळंच आहे. भादव्यात पैनगंगेला मोठा पूर आला आणि आपल्या नदीकाठच्या वावराची दरड खचली. पाणी उतरल्यावर पाहतो तर दरडीच्या पोटात विटांची भिंत. विटा केवढ्या! आताच्या दोन-तीन विटा मिळून एक होईल अशा. आणि त्या भिंतीच्या कोपऱ्यात एक काळ्या दगडाचा देव. मामाजींनी आणि तुमच्या दादांनी बैल लावून त्याला वर काढला.

कसा आहे ते सांगते. मांडी घालून बसलेला. दोन्ही हात मांडीवर, एकावर एक. डोळे मिटलेले. कानाच्या पाळ्या खांद्याला टेकायला आलेल्या. डोक्यावरचे केस बारक्या बारक्या गोट्यांसारखे. अंगावर ना नाग, ना शंख, ना गदा. नाकाचा शेंडा तेवढा उडाला आहे.

गुरव म्हणाला, हा तपाला बसलेला महादेव. शेजारच्या गोजराबाई म्हणाल्या, नारायण. शिरपूरकडचे व्यापारी कापूस पाहायला आले होते, ते हात जोडून म्हणाले, आमच्या तीर्थंकरांपैकी असावेत. सगळ्यांनी भांडभांड भांडून घेतलं. शेवटी मामाजी म्हणाले, "नाव कायले पायजे? बसला हाये बिचारा ध्यान लावून. माह्या वावरात निघाला, माह्या घरचा पाव्हना."

वावरातल्या कडुनिंबाखाली ओटा बांधून तिथं बसवला आहे. मामाजी त्याला ध्यानोबा म्हणतात. रोज सकाळी लोटाभर पाणी घालतात आणि समोर बसून बोलतात. पराटीला बोंडं किती धरली, कोणता बैल अडतो, सगळं. तुम्ही गेल्यापासून त्यांना कुणाशी इतकं बोलताना मी पाहिलं नाही.

तुम्ही शिकलेले आहात. हा कोण असेल ते कळवा.

तुमची वहिनी,
कस्तुरा


मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १८६१

भाऊजी,

तुमचं पत्र दादांनी मला तुरीच्या वावरात आणून दिलं. तिथंच बांधावर बसून वाचलं. बुद्ध आहे म्हणता. वाचून मी हसले की रडले ते लिहीत नाही. तुमचे दादा मात्र मोठ्यानं हसले आणि लगेच इकडं तिकडं पाहून गप्प झाले.

बाकीचंही सगळं वाचलं. वाशीमला तांब्याचे पत्रे निघाले, त्यावरून पंडितांनी ताडलं की आपलं वाशीम एकेकाळी राजाचं गाव होतं, हे दादांनी बाजारात ऐकलं होतं. पण ते राजे महादेवाचे भक्त, आणि त्यांच्याच घराण्यातल्या एका राजाच्या प्रधानानं अजिंठ्याला भिक्षूंसाठी लेणं कोरून दिलं, हे मला नवीन. तुम्ही लिहिलं आहे की व्यापारी नदीकाठानं चालत, त्यांच्या सोबतीनं भिक्षू चालत, आणि पावसाळा आला की काठावर जागा पाहून राहत. तशीच एखादी जागा आपल्या वावरात असेल. मी रोज त्या बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन जाते. खाली कुणी बसलं असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

आता माझं ऐका. तुमचं पत्र वाचून मी आपल्या महादेवाच्या देवळात गेले. देवळाच्या पाठीमागं, जिथं चुना पडला आहे, तिथं खालच्या थरात जुन्या विटा दिसतात. लहानपणापासून गावातल्या सगळ्यांनी पाहिलेल्या आहेत. त्या तशाच मोठ्या. त्यांच्यावर कुंभारानं ओल्या मातीवर बोटं ओढलेली आहेत, शेणानं सारवताना उठतात तशा रेघा. मी माझी बोटं त्या रेघांत ठेवून पाहिली. मग नदीवर गेले आणि दरडीतल्या विटेवर ठेवून पाहिली. तशाच रेघा, तशाच अंतरावर. भाऊजी, मला तर वाटतं की महादेवाच्या देवळाला आणि तुमच्या बुद्धाच्या घराला वीट एकाच भट्टीतून गेली. त्या कुंभारानं विचारलं तरी असेल का, की ही कोणाच्या देवाची?

मी कुणालाच सांगितलं नाही. परवा हुरडा भाजला. मामाजींनी पहिली मूठ ध्यानोबापुढं ठेवली आणि मला म्हणाले, "पाय वं, हासल्यावानी दिसून राह्यला का नाई?" मी हो म्हटलं. काय म्हणणार? ज्यानं लेक नेला म्हणून ते मनातून धुमसतात, त्यालाच रोज आंघोळ घालतात, आणि हे मला माहीत, त्यांना नाही. मला वाईट वाटतं आणि हसूही येतं. असंच चालू द्यावं असं मी ठरवलं आहे. तुम्हाला हे खोटेपण वाटेल. तुमच्या धर्मात खोटं बोलायचं नसतं, हे मला माहीत आहे. पण मी बोललेच नाही, तर खोटं कुठं झालं?

कस्तुरा


चैत्र वद्य तृतीया, शके १८६२

भाऊजी,

व्हायचं ते झालं. रिसोडहून जानराव मास्तर गावातल्या एका लग्नाला आले होते, त्यांना कोणीतरी देव दाखवायला नेलं. मास्तरांनी पागोटं काढलं, हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हा तर गौतम बुद्ध!"

मामाजी तिथंच होते, हातात लोटा घेऊन. माणसांतून कोणी तरी म्हणालं, "काय मारोतराव, ज्यानं पोरगं नेलं त्यालेच पानी घालून राह्यले का तुमी?" लोक हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. मामाजींनी लोटा खाली ठेवला आणि चालत घरी आले.

जेवायला बसले नाहीत. मला हाक मारली.

"तुले माईत होतं?"

"होतं."

"कोनं सांगतलं?"

"ज्याले ठाव हाये त्यानं."

मग म्हणाले, "म्हंजे लिवता तुमी एकमेकायले."

मी मान हलवली. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. पण ते एवढंच म्हणाले, "उद्या बैल जुपतो अन् त्याले डोहात नेऊन लोटतो."

सकाळी खरंच साखळदंड घेऊन निघाले. तुमचे दादा खाली मान घालून बैल हाकत होते. मी घरातलं काम टाकून मागं गेले. सुनेनं सासऱ्यापुढं बोलावं अशी आपल्या घरची रीत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण निंबाखाली त्यांनी देवाला साखळी लावली तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, "मामाजी, लोटाचा तं लोटा. पन येवढं सांगा, यानं तुमाले उलट कधी बोललं? हिवाळाभर तुमी बोलले, यानं आयकलं. तुमचं येवढं आयकनारं घरात दुसरं कोन हाये?"

"मोप बोलाले शिकली," ते म्हणाले. माझ्याकडं पाहिलं नाही. साखळी हातात धरून उभे राहिले. मग बैलाच्या पायाकडं पाहिलं आणि दादांना म्हणाले, "इंद्रभान, ढवळ्या लंगडून राह्यला आज. राहू दे. उद्या पाहू."

ढवळ्या काही लंगडत नव्हता, भाऊजी.

पण पाणी घालणं त्यांनी बंद केलं. मी विचारलं, मी घालू का? म्हणाले, "तुह्यं तू पाय." मी घालत राहिले. ते दूर बांधावर उभे राहत, पराटीच्या पऱ्हाट्या उपटत, आणि डोळा इकडं.

मग रामनवमी झाल्यावर गोजराबाईंकडं सत्यनारायण होता. रिसोडचे भटजी आले. त्यांनी संकल्प सोडायला सुरुवात केली, आम्ही सगळे नेहमीसारखे हात जोडून, मन दुसरीकडं. कलियुगे, प्रथम चरणे, आणि पुढं म्हणाले, बौद्धावतारे. मामाजी एकदम म्हणाले, "थांबा महाराज. हे काय म्हनलं तुमी?"

भटजी म्हणाले, "काल सांगावा लागतो ना, पाटील. कोणतं युग, कोणता अवतार चालू आहे. आता बुद्धाचा अवतार चालू आहे."

"हे आजच म्हनलं का?"

"छे! नेहमीच म्हणतो. तुमच्या लग्नात म्हटलं असेल, तुमच्या वडिलांच्या लग्नात म्हटलं असेल."

"म्हंजे आमच्या घरच्या दर पूजेत त्याचं नाव हाये?"

"संकल्प तर तोच आहे," भटजी म्हणाले, आणि पुढं चालू झाले.

मामाजींनी प्रसाद घेतला तो मुठीत तसाच धरून घरी आले. ओसरीवर बसले. मग मला म्हणाले, "दौत आन. लिव त्याले. म्हनावं, तुमचा देव आमच्या वावरात पडला हाये. येऊन घेऊन जाय. मी कोनाची वस्तू ठेवून घेत नसतो."

"तुमीच सांगतलं असं लिवू का?"

"मंग कोनं सांगतलं? लिव, मारोतराव पाटील सांगून राह्यले."

मी लिहिलं आहे. जसं सांगितलं तसं. बाकी तुम्ही समजून घ्या.

कस्तुरा


आषाढ वद्य अष्टमी, शके १८६२

भाऊजी,

तुमचं कार्ड या वेळी मामाजींनाच वाचून दाखवलं. पावसाळ्यात भिक्षूनं एका जागी राहायचं, आश्विन पुनवेपर्यंत हलायचं नाही, हे ऐकून दादांचं तोंड उतरलं. त्यांना वाटलं, म्हातारा आता भडकेल. मामाजी म्हणाले, "बराबर हाये. पेरनी टाकून कोन्ता कास्तकार गावाले जाते?" आणि तंबाखू मळत बसले.

निंबाखाली त्यांनी छपरी घातली आहे, पळसाच्या पानांची. मी म्हटलं, दगडाला पावसानं काय होतं? म्हणाले, "त्याच्यासाठी नाई. ढोरं बसतात तेथी." ढोरं तिथं बसत नाहीत. पाणी आता पुन्हा तेच घालतात. "पाव्हन्याची वस्तू हाये, जपली पायजे," असं म्हणतात. मीही काही विचारत नाही.

पेरण्या चांगल्या झाल्या. ज्वारी गुडघ्याला आली.

कस्तुरा


कार्तिक वद्य चतुर्थी, शके १८६२

भाऊजी,

तुम्ही गेल्यावर घर मोठं मोठं वाटतं. तुम्ही तर घरात राहिलाही नाहीत, देवळाच्या ओसरीवर झोपलात. तरी वाटतं. इथं काय झालं ते तुम्ही पाहिलंच. पण जे तुम्हाला दिसलं नाही ते सांगायला हे पत्र.

तुम्ही त्या दिवशी नदीकडून गावात आलात आणि पहिल्या घरापासून भिक्षेला उभे राहिलात, तेव्हा गोजराबाई पळत आल्या. "अवं कस्तुरा, पाटलाचा पोरगा दारोदार मागून राह्यला वं!" मामाजी ओसरीवर होते. त्यांनी ऐकलं आणि आत येऊन दाराच्या मागं उभे राहिले. मी चुलीपाशी. म्हटलं, सहा वर्षांचा राग आता बाहेर येणार. गावासमोर लेकानं भांडं पुढं करायचं, आणि बाप पाटील.

ते येरझारा घालत होते. दाराच्या फटीतून पाहत. तुम्ही एकही घर सोडत नव्हता. खालच्या आळीतल्या गरिबांच्या दारातही तितकंच थांबलात, चतकोर मिळाली तरी मान तशीच खाली. मामाजी म्हणाले, "सगळ्यायच्याच घरी जाते का हा?"

मी म्हटलं, "त्यायचा नेम हाये म्हनतात."

परत फेरी. मग माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, आपलं घर मधात हाये. आपल्या दारात येईस्तोवर त्याचं भांडं भरलं तं?"

भाऊजी, मला वाटत होतं की ते लाजेनं आत उभे आहेत. ते या काळजीनं आत उभे होते. माझ्या हातातलं ताट त्यांनी घेतलं, तुरीच्या वरणात भाकर कुसकरून त्यावर तुपाची धार धरली, तुम्हाला लहानपणी आवडायची तशी, आणि स्वतः उंबऱ्यात जाऊन उभे राहिले. पुढचं तुम्हाला माहीत. पण तुमची नजर खाली होती. त्यांचा चेहरा तुम्ही पाहिला नाही, मी पाहिला. तो कसा होता ते मला लिहिता यायचं नाही.

दुपारी निंबाखाली ते म्हणाले, "आमच्या घरचं कोनी आजवर मांगाले उभं राह्यलं नाई," आणि तुम्ही सांगितलंत की बुद्ध त्याच्या गावी परत आला तेव्हा त्याचा बापही हेच म्हणाला होता. त्यावर मामाजींनी विचारलं, मग त्या बापानं काय केलं? तुम्ही म्हणालात, त्यानं लेकाच्या हातातलं भांडं घेतलं आणि त्याला घरी जेवायला नेलं. तुम्ही गेल्यावर दोन दिवसांनी गाय दोहताना मध्येच मला म्हणाले, "तो बाप आधी रागावला, मंग शाना झाला. मी तं आधीच वाढलं." एवढं बोलून पुन्हा दोहायला लागले. फार खुशीत होते.

आणि देव. "घेऊन जाय तुमचा," असं म्हणत त्यांनी तुमच्यापुढं हात केला, तेव्हा मी पदर तोंडाला लावून उभी होते. तुम्ही खरंच हो म्हटलं असतं तर? गाडी आणली असती तर? तुम्ही म्हणालात, "बाबा, मी जन्मायच्या किती आधीपासून तो इथला आहे. त्याला मी कुठं नेऊ?" मामाजींनी मान डोलावली, जणू नाइलाज झाला. तुमची पाठ फिरल्यावर दादांना म्हणाले, "छपरीची पानं बदलाले पायजेत."

गोजराबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं होतं, ते तुम्हाला खटकेल म्हणून मी पुसायला निघाले, तर तुम्हीच म्हणालात, राहू द्या वहिनी. ते मी त्यांना सांगितलं. आता त्या दर सोमवारी आधी महादेवाला जातात, मग निंबाखाली. गुरवही येतो. तो अजून म्हणतो, हा तपाला बसलेला महादेवच. कोणी त्याच्याशी भांडत नाही.

कस्तुरा


पौष शुद्ध द्वादशी, शके १८६२

भाऊजी,

तातडीचं आहे म्हणून लिहिते. मामाजी काशीला निघाले आहेत. सोबत तुमचे दादा आणि मी. गोजराबाई घर पाहतील, गुरव निंबाखाली पाणी घालील.

आधी म्हणाले, "गंगेची आंघोळ राह्यली माही. वय झालं आता." मी म्हटलं, बरं आहे. मग दादांना विचारलं की काशीहून सारनाथ किती दूर. मग जानराव मास्तरांकडूनही तेच विचारून आणवलं. मग मलाही विचारलं, आणि वर म्हणाले, "सहज इचारलं." काल पाटीत ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ आणि तुपाचं गाडगं बांधून झालं. गंगेला तूप कशाला लागतं ते मी विचारलं नाही.

दादा अकोल्याला जाऊन गाड्यांची चौकशी करून आले. एक गाडी काशीला सांजेला पोचवते. दुसरीनं गेलं तर वाटेत एका ठेसनावर रात्रभर बसून राहावं लागतं, थंडीत, आणि मग सकाळी पोचतं. दादा म्हणाले, सांजेचीच सोयीची. मामाजी म्हणाले, नाही, दुसरी. दादांनी खूप समजावलं, की बाबा, तुमचं वय, पौषाची थंडी, रात्रभर ठेसनावर कशाला?

तुम्ही इथं होता तेव्हा मी दिवस मावळताना दूध घेऊन देवळात आले होते आणि तुम्ही हात जोडून परत पाठवलंत, की भिक्षू दुपार उलटल्यावर खात नाही. मामाजी तेव्हा देवळाच्या पायरीवर बसले होते. माझं लक्षही नव्हतं.

"इंद्रभान," ते म्हणाले, "तो दुपारनंतर खात नाई. आपन सांजी पोचलो तं भाकर कोनाले देऊ?"

म्हणून दुसरी गाडी. पौर्णिमेनंतर दोन-चार दिवसांत पोचू. तुम्ही सकाळी भिक्षेला निघाल, तेव्हा फार दूर जाऊ नका.

तुमची वहिनी,
कस्तुरा